लॉनच्या मधोमध

इंग्लंडमध्ये गवत वाढवावं लागत नाही, ते आपलं आपण वाढतं. सांभाळावं मात्र लागतं. हा फरक माझ्या नवऱ्याने मला अनेकदा समजावून सांगितला आणि मी दर वेळी 'बरं' म्हणून आत गेले. मला बागकामात रस नव्हता. मी एका मोठ्या वेअरहाउसमध्ये शिफ्ट मॅनेजर आहे. दिवसभर माणसं आणि ट्रक हलवून घरी आलं की मला खुर्ची लागते, फावडं नाही.

मिल्टन कीन्समध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा ते कोरं करकरीत होतं. मागे बिल्डरने दिलेलं लॉन म्हणजे चिकणमाती आणि विटांच्या तुकड्यांवर अंथरलेली गवताची सतरंजी. पहिल्याच हिवाळ्यात तिच्यावर पाणी साचलं आणि मार्च येईपर्यंत निम्मं गवत जाऊन शेवाळ आलं. शेजारच्यांनी सरळ फरशी घालून घेतली. आमच्याकडे मात्र नवरा गुडघ्यांवर बसून विटांचे तुकडे वेचायला लागला. तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. शनिवारी मात्र दातेरी फावडं घेऊन मातीत भोकं पाडायचा, त्यात वाळू भरायचा, शेवाळ खरवडायचा. सप्टेंबरात बी पेरायचा आणि दव पडलेल्या गवतावर कुणी पाय ठेवला तर घरातून काच वाजवायचा.

आम्ही दोघंही नागपूरचे, एकाच कॉलेजातले. म्हणून मी त्याला 'तू'च म्हणत आले, आणि सासूबाईंनी कायम ते ऐकू न आल्यासारखं केलं. त्याच्या शाळेच्या वाटेवर साहेब लोकांच्या बंगल्याचं लॉन होतं. तारेच्या कुंपणापलीकडे भर एप्रिलात माळी पाइपने त्या गवताला पाणी घालायचा आणि अलीकडे याची आई टँकरच्या रांगेत उभी असायची. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही हसत.

मी म्हटलं, "मग तुला तर लॉनचा राग यायला हवा."

"राग साहेबाचा. गवताने काय केलं?"

सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांनी पहिल्या उन्हाच्या दिवशी लॉनवर चादर पसरून तांदळाचे पापड वाळत घातले. हा दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन चादर दोन हात सरकवायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "अरे, पापड वाळतायत का फिरायला निघालेत?" तो म्हणाला, "आई, खालचं गवत पिवळं पडतं." त्या मला म्हणाल्या, "याला मी मुलं सांभाळायला शिकवलं नाही, आणि हा गवत सांभाळतोय." मुलगी एकच होती आणि ती त्यानेच सांभाळली, पण ते असो.

मग तो आजारी पडला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. वसंत ऋतू सुरू होत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आम्ही त्याचा पलंग खाली, बागेकडच्या काचेच्या दाराशी आणला. तिथून त्याला सगळं लॉन दिसायचं आणि लॉनवर मी.

कारण आता ते काम माझ्याकडे आलं होतं. तो दार उघडं ठेवून सूचना द्यायचा. मशीनचं पातं वर घे. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. ओलं असताना नको. कडा सरळ काप, लाटा नको. दर वेळी दिशा बदल. मी एकदा चिडून म्हटलं, "मी रोज सत्तर माणसांना कामाला लावते, मला गवत कापता येतं."

"येतं ना. पण तू गवत कापत नाहीस, झाडू मारतेस."

"तू ऊठ आणि कर मग."

बोलून गेले. मग तोच हसायला लागला. हसताना त्याचं पोट दुखायचं, म्हणून मी त्याला हसू नकोस म्हणून ओरडले. उरलेलं लॉन मी त्याच्या पद्धतीने कापलं.

जुलैत एका दुपारी त्याने मला बसवून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. आम्ही आंबेडकरी बौद्ध. आमच्या घरात अस्थी नदीत नेत नाहीत. माझे सासरे गेले तेव्हा त्यांची रक्षा घराच्या मागे खड्ड्यात घातली आणि वर कडुनिंबाचं रोप लावलं. ते आता दोन मजली आहे. तो म्हणाला, "बाबांचं केलं तसं कर. इथेच ठेव मला. नागपूरला नेत बसू नकोस."

"कुठलं झाड लावू?"

"झाड नको. सावली पडते. शेवाळ येतं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो अगदी गंभीर होता.

"लॉनमध्येच घाल. मधोमध. आणि लॉन सांभाळ."

मी दोन्हींना हो म्हटलं. मला दोन्ही सोपी वाटली. अवघड तर पुढेच होतं, त्याच्याशिवाय राहणं, आणि त्याबद्दल त्याने काही सूचना दिल्या नाहीत.

ऑगस्ट संपता संपता तो गेला. सकाळी, माझा चहा हातात असताना.

क्रिमेटोरियममधून रक्षा मिळाली ती प्लास्टिकच्या गडद हिरव्या बरणीत. मी ती एका हाताने उचलायला गेले आणि परत ठेवली. इतकी जड. सासऱ्यांची रक्षा सुती पिशवीत मावली होती. काळी, हलकी, कोळशाचे तुकडे असलेली, चुलीतल्या राखेसारखी. ही वेगळी होती. करडी-पांढरी, जाड रव्यासारखी, आणि भरपूर. मला वाटलं, इथली भट्टी चांगली असेल. एवढाच विचार केला. आमच्याकडे राख म्हणजे झाडांना चांगली. वांग्याच्या पानांवर कीड पडली की माझी आई राख भुरभुरायची. कडुनिंब राखेवरच तर वाढला. त्या भोळ्या हिशेबात मी एक गोष्ट विसरले. तिकडे माणसाबरोबर कित्येक मण लाकूड जळतं आणि गवताला हवी असते ती लाकडाची राख. इथे गॅस जळतो. बरणीत होता तो नुसता माणूस, त्याची दळलेली हाडं.

ऑक्टोबरच्या एका कोरड्या रविवारी आम्ही ते केलं. मुलगी केंब्रिजहून आली, तिथे ती एका प्रयोगशाळेत काम करते. बर्मिंगहॅमहून काका आले. ते नात्याने काका नाहीत, आम्ही या देशात नवे होतो तेव्हा आमचा टीव्ही आणि पलंग स्वतःच्या गाडीवर बांधून आणून देणारे काका आहेत. लॉनच्या मधोमध मी कडा कापायच्या अर्धगोल पात्याने चौकोन कापला, खालून फावडं सरकवलं आणि गवताची गादी मुळांसकट उचलून बाजूला ठेवली. त्यानेच शिकवलं होतं तसं. काकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, आम्ही मागून म्हटलं. मग मी बरणी रिकामी केली, सगळी, राख फळीने सारखी केली, वर गवत परत बसवलं, पायाने दाबलं आणि पाणी घातलं. सांधा दिसत नव्हता. काका म्हणाले, "पोरी, एवढं नीटनेटकं काम मी पाहिलं नाही." मला बरं वाटलं. त्या महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

हिवाळाभर ते हिरवं राहिलं. मी सकाळी कामाला निघायच्या आधी काचेतून बघायचे. दवाने सगळं लॉन पांढरं असायचं. मी त्यावर पाय ठेवत नव्हते, तसा नियम होता.

एप्रिलमध्ये बाकीच्या गवताने उचल घेतली आणि चौकोनाने घेतली नाही. आधी तो फिकट झाला, मग पिवळा, मग गवताचा रंगच गेला. हाताने ओढलं तर गादी गालिच्यासारखी वर आली. खाली एकही मूळ उतरलं नव्हतं. मी पाणी घातलं, खत घातलं, वरून माती पसरून बी टाकलं. महिन्याने पुन्हा टाकलं. कबुतरांनी खाल्लं ते सोडून बाकीचं तिथेच कुजलं.

पलीकडच्या बाजूचा शेजारी निवृत्त हेडमास्तर आहे, सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारा. त्याची आणि माझ्या नवऱ्याची कुंपणावरून वर्षानुवर्षं लॉनची चढाओढ चालायची, कुणाच्या कडा सरळ, कुणाचं शेवाळ कमी. रक्षेचं त्याला माहीत नव्हतं. आमचा घरातला कार्यक्रम होता, मी सांगितलं नव्हतं. तो मे महिन्यात कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "हे काय सांडवलंस तू, लव्ह? पेट्रोल?"

मी म्हटलं, "नवरा."

त्याला नीट कळेना म्हणून तो पुढे वाकला, मग त्याला कळलं. त्याचा चेहरा लाल झाला. "अरे देवा," तो म्हणाला. मग म्हणाला, "तो माझ्यावर चिडला असता, मी आधी पाहिलं म्हणून." आम्ही दोघं हसलो. मी आत जाऊन भांडी घासली. घासायला भांडी नव्हती, स्वच्छ होती तीच घासली.

मुलगी आली तेव्हा लॉनवर उकिडवी बसली, मातीचा खडा बोटांत चुरडला आणि फोनवर वाचायला लागली. तिचं मराठी तिच्या बाबांनी जेवढं शिकवलं तेवढंच आहे.

"आई, ही राख खूप सॉल्टी असतो. आणि अल्कलाइन. मुळं पाणीच घेऊ शकत नाही. इथे लिहिलंय, एकत्र जाड लेयर कधीच नाही घालायचा, खूप कंपोस्टमध्ये मिक्स करून पातळ पसरायचा."

"आता मिक्स कर मग."

"आता ते सेट झालंय. सिमेंटसारखं." तिने बोटं झटकली. "काढायला लागेल."

"नाही."

"आई, लुक—"

"नाही म्हटलं ना."

ती उठली. "बाबा असते ना, तर त्यांनी फर्स्ट डेलाच खणलं असतं. तुला पण माहितीये."

"बाबांनी स्वतः सांगितलंय इथे ठेव म्हणून."

"बाबांनी लॉन सांभाळ पण सांगितलंय!"

ती रडत नव्हती, मीही नाही. आम्ही दोघी बागेच्या मध्यात उभ्या राहून एकमेकींवर ओरडत होतो आणि त्या दोन्ही गोष्टी त्यानेच सांगितलेल्या होत्या. त्याने मला काय करून ठेवलं ते मला तेव्हा समजलं. एक वचन दुसऱ्याला खात होतं.

तो सगळा उन्हाळा मी चौकोन सोडून आजूबाजूने गवत कापलं. संध्याकाळी ऊन रेंगाळतं त्या दिवसांत मी घडीची खुर्ची नेऊन चौकोनाच्या कडेला बसायचे आणि चहा प्यायचे. मी त्याच्याशी बोलत नव्हते. मी त्यातली नाही. पण मला माहीत होतं की तो माझ्या पायांपासून हातभर अंतरावर आहे, आणि घरात कुठेही बसलं तरी असं काही मला माहीत नसायचं. पलंग परत वर गेला होता, कपडे मी देऊन टाकले होते, औषधं केमिस्टकडे परत केली होती. सगळं मी चटचट आवरलं, लोक म्हणाले, केवढी खंबीर आहे. मग उरलं काय, तर तो मेलेल्या गवताचा चौकोन.

काकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "पोरी, तिथे तो नाहीये, हे तर तुला मी सांगायला नको."

"नको."

"आत्मा वगैरे आपण मानत नाही. ती हाडांची पूड आहे. सगळं अनित्य आहे."

"काका, मला सगळं माहीत आहे. आत्मा असता तर बरं झालं असतं. तो कुठे तरी गेला म्हणता आलं असतं. माझ्याकडे पूडच आहे."

ते म्हणाले, "जेवलीस का?"

ऑगस्टमध्ये पिवळेपणा चौकोनाच्या बाहेर आला. आमचं लॉन घराकडे किंचित उतरतं. तेवढ्या उताराने पावसाचं पाणी मीठ घेऊन खाली सरकलं आणि चौकोनाच्या खालच्या कडेपासून जिभेसारखा एक पट्टा करपत काचेच्या दाराकडे यायला लागला. दर आठवड्याला थोडा जवळ. मी तो रोज बघत होते. वेअरहाउसमध्ये एखादा पाइप गळत असता तर मी त्याच दिवशी माणूस बोलावला असता. इथे मी अख्खा महिना फक्त पाहत राहिले.

इथे बी पेरायला सप्टेंबर. जमीन अजून उबदार असते, पाऊस सुरू झालेला असतो, तण थकलेलं असतं. तो महिना चुकला की पुढचं वर्ष. आणि पुढच्या वर्षापर्यंत तो पट्टा पायरीपर्यंत आला असता. मी मुलीला फोन केला, शनिवारी ये म्हटलं. ती येईपर्यंत मात्र थांबले नाही. तिच्या बाबाला फावड्याने उचलताना तिने मला बघायला नको होतं, किंवा मला तिला बघायचं नव्हतं.

सकाळीच सुरू केलं. वरचं मेलेलं गवत एका ओढीत निघालं. खाली राख खरंच थापल्यासारखी बसली होती, पांढरी, फावडं आदळलं की टणटण वाजणारी. मला कुदळ घ्यावी लागली. पहिला घाव मी घातला आणि थांबले. मग स्वतःला म्हटलं, काम आहे, करून टाक. ढेकळं निघत गेली. मी ती ढकलगाडीत हाताने ठेवली, फेकली नाहीत. गाडी भरली, पुन्हा भरली. त्याच्याखालची माती करडी झाली होती, तीही वीतभर काढली, आणि तो करपलेला पट्टाही. जे काढलं त्यात किती तो आणि किती माती, हे सांगणं शक्य नव्हतं.

ठेवायचं कुठे, हे मी आधी ठरवलं होतं. शेडच्या शेजारी, जिथे कचऱ्याचे डबे उभे असतात, तिथल्या फरशा मी उचलून ठेवल्या होत्या. त्या जागेवर काही उगवायची गरज नाही. खड्डा खोल केला, सगळं त्यात घातलं, दाबलं, फरशा परत बसवल्या, लेव्हल लावून पाहिली. एक फरशी किंचित डुगडुगत होती, तिच्याखाली वाळू घातली.

मुलगी आली तेव्हा मी नवी माती पसरत होते. तिने खड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फरशांकडे पाहिलं. "तिथे?" म्हणाली.

"तिथे."

"डबे परत ठेवणारेस?"

"कुठे ठेवू मग?"

ती आत जाऊन बूट बदलून आली. आम्ही दोघींनी टाचा जोडून छोट्या छोट्या पावलांनी माती तुडवली, दाताळ्याने सारखी केली, पुन्हा तुडवली. ती बी पेरत होती, तर मी म्हटलं, "दोन दिशांनी पेर, आधी उभं, मग आडवं." ती म्हणाली, "माहितीये, बाबांनी मला सात वर्षांची असताना शिकवलंय." वरून बारीक झारीने पाणी, आणि कबुतरांसाठी जाळी.

गवत लवकर आलं. आधी इतकं बारीक की वाकून एका बाजूने बघितलं तरच हिरवं दिसायचं, सरळ उभं राहिलं की नुसती माती. मग दाट. पहिली कापणी मी पातं अगदी वर ठेवून केली, नवीन गवताला तसंच करतात. ऑक्टोबरभर चौकोन आणि पट्टा वेगळा दिसायचा, नव्या बियाचा रंग उजळ असतो. मी अजूनही खुर्ची नेऊन त्याच्या कडेला बसत होते. खाली आता काही नव्हतं, हे मला माहीत असूनही. डब्यांशेजारी खुर्ची मांडून बसता येत नाही. मी एकदा बसून पाहिलं. रिसायकलिंगचा वास येतो आणि समोर कुंपण.

या वसंतात हेडमास्तर कुंपणाशी आला आणि बराच वेळ लॉन न्याहाळत उभा राहिला. "माझ्यापेक्षा चांगलं आहे," म्हणाला. "आज त्याला सांगायला हवं होतं." मी थँक्यू म्हटलं. लॉन खरंच चांगलं आहे. कडा सरळ, शेवाळ नाही, खत वेळेवर, पातं योग्य उंचीवर. त्याने सांगितलेलं मी केलं. दोन्हींपैकी जे करता येण्यासारखं होतं ते केलं.

गेल्या शनिवारी गवत कापून झाल्यावर मी चहा आणि खुर्ची घेऊन बाहेर गेले. मधोमध म्हणजे कुठे, ते पाहायला थांबले. नवं आणि जुनं गवत आता एका रंगाचं आहे. मी कुंपणापासून पावलं टाकून पाहिली, शेडच्या कोपऱ्यापासून रेषा धरून पाहिली, वाकून तिरक्या नजरेने पाहिलं. कुठेच सांधा नव्हता. खुर्ची हातात धरून मी त्या एवढ्याशा लॉनवर इकडून तिकडे फिरत राहिले. चहा गार झाला तरी मला ती जागा सापडली नाही.